मर्डोच्या नावाची चिठ्ठी

मर्डो रॅट्रे एकतीस वर्षं नदीकाठच्या नाट्यगृहात दारावर उभा राहून लोकांना त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचवत आला होता, आणि त्याला वाचता येत नव्हतं. हे फक्त त्याच्या बायकोला, इफीला ठाऊक होतं. तिकिटावरची अक्षरं तो मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणांसारखी ओळखायचा. कुणी छापील कागद पुढे केलाच, तर "चष्मा घरी राहिला बघा" म्हणून मोकळा. इतका विसरभोळा माणूस अख्ख्या पर्थशायर परगण्यात दुसरा नसेल.

गंमत म्हणजे फेब्रुवारीतल्या साहित्य उत्सवाला येणारे लेखक या अक्षरशत्रूलाच शोधत यायचे. गावात सगळ्यांत जास्त वाचलेला कोण, तर मर्डो. थंडीत नाटकं बंद असली की इफी शेकोटीशी बसून येणाऱ्या प्रत्येकाचं पुस्तक त्याला वाचून दाखवायची, आणि एकदा ऐकलेलं मर्डो विसरत नसे.

उत्सवाची जुनी रीत होती. पहिलं वाचन लेखकाने करायचं नाही, नाट्यगृहातल्याच कुणा कामकऱ्याने करायचं. तिथे काम करणाऱ्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, चहा गरम राहावा म्हणून किटलीला घालतात त्या लोकरी टोपीत टाकायच्या आणि एक उचलायची. चहाचं टेबल इफीचं, टोपी तिनेच विणलेली, चिठ्ठ्याही तीच लिहायची. एवढ्या वर्षांत मर्डोचं नाव निघालं नाही, कारण ते टोपीत कधी पडलंच नव्हतं.

इफी ऑक्टोबरात गेली. यंदा चिठ्ठ्या दिवेवाल्या वॉटीने लिहिल्या. व्यवस्थापक शीनाने एक उचलली आणि हसून मर्डोकडे पाहिलं.

"बरा सुटलास रे इतकी वर्षं," वॉटी म्हणाला. "आता भोग."

"मला नाही जमायचं. घसा धरलाय."

"मध देते घशाला," शीना म्हणाली. "शनिवारी दुपारी तीनला. रोना गिल्क्रिस्ट यायच्यात, त्यांच्याच कादंबरीतली दोन पानं वाचा. तुम्हाला आवडतील ती."

चार दिवस मर्डोच्या डोक्यात एकच होतं. ज्यांच्याशी जन्मभर खोटं बोललो, त्यांच्याच समोर उघडं पडायचं. पळून जावं, तर बर्फामुळे घाटरस्त्याचं फाटक बंद. एकच वाट होती. इफीने शेवटचं वाचायला घेतलं होतं ते रोनाबाईंचंच पुस्तक. दम लागायचा म्हणून तीच दोन पानं तिने तीन संध्याकाळी पुन्हा पुन्हा वाचली होती. मर्डोला ती तोंडपाठ होती, अगदी ती मध्येच म्हणाली होती त्या "मर्डो, सूप लागतंय खाली" सकट. तेवढं वाक्य गिळायचं होतं. पानात तिने खुणेला ठेवलेला निळा लोकरीचा धागाही होता.

शनिवारी प्रेक्षागृह भरलं. शोभावं म्हणून मर्डोने चष्मा लावला होता. शब्द आले. पुस्तकातली नावाडीण रात्रभर भावाच्या होडीची वाट बघते, तळ्यावरून हंस उडतात (इथे इफी पान उलटायची, त्यानेही उलटलं), आणि मग दारावर थाप पडते. नावाडीण कंदील उचलून दाराकडे जाते. सूप गिळलं गेलं. टाळ्या पडल्या. मर्डोने पुस्तक मिटलं आणि चार दिवसांत पहिला पुरता श्वास घेतला.

"थांबू नका हो," पहिल्या रांगेतून रोनाबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे दाराशी पोचलीय ती. अजून एकच पान."

"वाचा, वाचा," लोक म्हणाले.

त्याने पुस्तक उघडलं. तोंडाने जुनी सवय सोडली नाही. "चष्मा घरी राहिला बघा."

"नाकावर आहे की तुझ्या," वर दिव्यांजवळून वॉटी ओरडला. सगळे हसले.

मर्डोचा हात चष्म्याकडे गेला. आता पुढे खोटं उरलं नव्हतं.

"हा इफीचा आहे," तो म्हणाला. "मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. ती वाचायची, मी ऐकायचो. इथपर्यंत आली आणि म्हणाली, दमले, उरलेलं उद्या. दुसऱ्या दिवशी ती काही उठली नाही."

कुणी हसलं नाही. एवढी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती. रोनाबाई पायऱ्या चढून रंगमंचावर आल्या.

"कुठे थांबल्या त्या?"

त्याने धागा दाखवला. "चार महिने झाले. दारात कोण आहे, तेच कळेना."

रोनाबाईंनी पुस्तक घेतलं आणि वाचू लागल्या. मर्डो शेजारी उभा राहिला. नावाडिणीने कडी काढली. दारात तिचा भाऊ होता, चिंब भिजलेला, जिवंत.

"भाऊच," मर्डो म्हणाला. "इफी म्हणायची, नाही यायचा तो. पैज लावली होती आम्ही."

रोनाबाई थांबल्या होत्या.

"थांबू नका हो," तो म्हणाला.