बेबीताईंनी निवडलेली दुर्बीण

चांदूर बाजारच्या पलीकडे एका जुन्या तलावाला लागून बेबीताई आणि त्यांचा नवरा भगवंत यांचा भाजीचा मळा होता. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायची, यात बेबीताईंची पंचवीस वर्षं गेली होती. चष्मा लागला होता, पण नजर तयार होती. पाणी भरताना तलावावरची पाखरं मोजायची त्यांना लहानपणापासूनची सवय.

२००६ च्या हिवाळ्यात अमरावतीच्या कॉलेजातले तनवीर सर चार-पाच जणांना घेऊन तलावावर आले. दरवर्षी ते जिल्ह्यातल्या पाणपक्ष्यांची मोजणी करत. बेबीताई बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सरांनी वहीत बावीस बदकं लिहिल्याचं ऐकून त्या तिथूनच म्हणाल्या, "बावीस नाई सर, तेवीस. एक थे बेशरमीच्या झुडपात बसलं हाय."

सरांनी दुर्बीण लावली. होतं तिथे.

त्यांनी आपली दुर्बीण बेबीताईंच्या हातात दिली. बेबीताईंना आत एक बारकं, थरथरतं वर्तुळ दिसलं, तेही कडेने काळं. त्यांनी ती परत केली. "याच्यापेक्षा माहे डोये बरे," त्या म्हणाल्या. सर हसले आणि म्हणाले, "ताई, पुढच्या मोजणीले तुमी आमच्यासोबत या. पण तुमच्या डोयाले जमंल अशी दुर्बीण तुमीच पाहून घ्या."

हे बेबीताईंच्या मनात बसलं ते बसलंच. गावात त्या वर्षी कपाशीने दगा दिला होता, कोणाच्याच तोंडावर हसू नव्हतं. त्या दुर्बीण घेणार ही बातमी फुटली तशी बाया बोलल्या, "इथं पऱ्हाटी वायून राहिली अन हिले पाखरं सुचून राहिले." भगवंत मात्र एवढंच म्हणाला, "भाजीचा पैसा तुह्या हातचा हाय. तुले पाह्यजे थे घे."

दिवाळीनंतर बेबीताई एसटीने अमरावतीला गेल्या. कॅमेऱ्याच्या दुकानात दानियाल नावाचा तरुण मालक होता. त्याने सगळ्यात मोठी दुर्बीण पुढे ठेवली. "हे घ्या मावशी, वीस पट. दूरचं सगळं जवळ."

बेबीताई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि समोरच्या तारेवरच्या कबुतरावर ती धरली. कबूतर म्हशीएवढं झालं, पण नाचायला लागलं. "हे मोठं करते का हालवते?"

"मावशी, जितकं मोठं करंल तितका हाताचा कंपही मोठा दिसंल," दानियालने कबूल केलं.

"मंग मले कमी मोठं करणारी दाव."

त्याने आठ पटीच्या दोन काढल्या. एक खिशात मावेल अशी, दुसरी जाड, पुढच्या काचा चाळीस मिलिमीटरच्या. चष्म्यावरून काळी कड दिसतेय म्हटल्यावर त्याने डोळ्यापाशी असलेले रबराचे कान उलटे दुमडून दिले. कड गेली, अख्खं वर्तुळ उघडलं. बेबीताई नुसत्या हसल्या.

तरी त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. दुकानात बाकावर बसून राहिल्या. दानियालने चहा मागवला. "काहून थांबल्या मावशी?"

"दिवस मावळू दे. पाखरं सकायी धुक्यात अन सांजच्याले येतात. भर दुपारी त कोनतीही काच चांगलीच दिसंल."

दिवेलागणीला त्यांनी दोन्ही पुन्हा लावल्या. खिशातली अंधारली. जाड दुर्बिणीत मात्र समोरच्या झाडावरची पानं अजून वेगवेगळी दिसत होती. पण त्या थबकल्या. "ही एका तारेच्या दोन तारा दाखवून राहिली. डोकं दुखते."

दानियालने स्वतः पाहिलं आणि कान पकडले. आतली काच सरकली होती. त्याने त्याच बनावटीची दुसरी आणली. तार एकच दिसली. बेबीताईंनी ती गळ्यात अडकवली आणि पदर वरून घेतला.

जानेवारीत मोजणीचा दिवस आला. सकाळी तलावावर धुकं होतं. ते विरळ झालं तसे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले मोठे हंस दिसले, पट्टकादंब. त्यातल्या एकाच्या मानेत हिरवं कडं होतं आणि कड्यावर अक्षर, आकडे. सगळ्यांची धावपळ उडाली. दोघांकडे वीस पटीच्या दुर्बिणी होत्या. एकाला तीन दिसला, दुसऱ्याला आठ. एक जण पुढे निघाला तर बेबीताईंनी त्याचा हात धरला. "उडतीन. बसा इथंच. उन्ह आलं का ते गवताले या काठावर येतात."

त्या बेशरमीच्या आड बसल्या, कोपरं गुडघ्यांवर रोवली आणि दुर्बीण लावली. अर्धा तास हलल्या नाहीत. ऊन चढलं. हंस चरत चरत शंभरेक पावलांवर आले. कड्यावाल्याने मान वळवली.

"लिहा सर. आठ, चार." इंग्रजी आकडे त्यांना फोनच्या बटणांवरून पाठ होते. अक्षर मात्र येत नव्हतं. त्यांनी काटकी घेऊन ओल्या मातीत काढलं, एक उभा दांडा आणि त्याला दोन तंगड्या.

"के!" तनवीर सर ओरडले, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

तीन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी सर बेबीताईंच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले, हातात कागद. त्यांनी उभ्यानेच वाचलं: ते कडं जुलैत मंगोलियातल्या एका सरोवरावर बसवलं होतं. हिमालय ओलांडून हंस इथवर आला होता. नोंद करणाऱ्याच्या जागी नाव होतं, बेबीताई भगवंत.

भाव करणाऱ्या बाया थांबल्या. पऱ्हाटीवरून बोललेली एक जण पुढे आली आणि म्हणाली, "बाई, थे दुर्बीन मलेबी एकडाव दाव ना." भगवंतने वांग्यांची टोपली बाजूला सरकवून सरांना बसायला जागा केली.

बेबीताई ताठ उभ्या राहिल्या. "सर," त्या दुकानांच्या साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माहं नाव पुन्यांदा वाचा. मोठ्यानं."