हळेनाडचे मावळलेले देव

मल्लिनाथ गेल्याची बातमी मला जकात नाक्यावर कळली. कुंभारीकडून भाजीची गाडी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं पावती घेता घेता सांगितलं, "शुक्रवार पेठेतला तुमचा डिझाईनवाला गेला की वो. परवाच माती झाली." मी त्याला तीनदा विचारलं. कुठला डिझाईनवाला, तुला कुणी सांगितलं, तू स्वतः पाहिलंस का... म्हाताऱ्याला वाटलं, त्यानं गाडीत काय लपवलंय ते मी काढून घेतोय. बोलता बोलता तो आपणहून पोत्यांची तोंडं सोडायला लागला. पंधरा वर्षं नाक्यावर काढल्यावर माणूस असाच होतो. तुरीच्या पोत्यात सुपारी असते, कडब्याखाली कापडाचा तागा असतो, आणि समोरचा गोड बोलत असेल तर दोन्ही असतात. ही नजर मी घरी नेली, मशिदीत नेली आणि मैत्रीतही नेली. आज सहा आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे ते एवढ्यासाठी, की मल्लिनाथच्या बाबतीत माझा संशय खरा निघाला होता. तो चांगला माणूस होता हे सांगणारे पेठेत पुष्कळ भेटतील. त्याची लबाडी मात्र मी एकट्यानं पकडली होती.

आम्ही शाळेत एका बाकावर. पुढं मी नाक्यावर कारकून म्हणून चिकटलो आणि तो चादरीच्या कारखान्यांना नक्षी काढून देऊ लागला. चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक चौकोन रंगवत जायचं, त्यावरून पुढं मागावर मोर उठतो किंवा कमळ उठतं. शुक्रवार पेठेत माडीवर एक खोली, खिडकीशी उतरतं टेबल, आणि टेबलाशी वाकलेला मल्लिनाथ. आईवडील लवकर गेलेले. धाकटी बहीण महानंदा, तिला तिकडं जेऊरजवळ दिलेली. दुष्काळाच्या आदल्या वर्षी नंदाला मोठा ताप आला. तीन आठवडे ती शुद्धीवर नव्हती म्हणे. बरी झाल्यावर सासरच्यांनी तिला विश्रांतीसाठी माहेरी पाठवलं. एवढंच मला सांगण्यात आलं होतं, आणि विश्रांती जरा जास्तच लांबली आहे, हे मी मनात टिपून ठेवलं होतं.

त्याच सुमाराला एका रविवारी दुपारी मल्लिनाथनं मला बोलावून घेतलं. टेबलावर नक्षीचा कागद होता, पण त्यावर मोरही नव्हता न् कमळही. नद्या होत्या, घाट होते, वेशी होत्या, आणि जागोजागी लहान लहान देवळं. "हा हळेनाड," तो म्हणाला. घरात ते कानडी बोलत, त्यातला हा शब्द, म्हणजे जुना मुलुख. तो, नंदा आणि मी, तिघांनी तीन वाटसरू व्हायचं, कवड्या टाकायच्या आणि पडतील तितके चौकोन पुढं सरकायचं. वाटेत पूर, वाघ, उपास, सगळं होतं. त्यातून निभावून जायचं तर कुठल्यातरी देवाला हाक मारायची. देव त्यानं स्वतः घडवलेले. ओल्या भिंतीत राहणारा ओलप्पा. आडातली घुमाई. विणकरांचा तुटकोबा, जो तुटला धागा सांधायचा. शेताच्या बांधावर बसणारी कडेव्वा. सगळे मिळून चाळीसेक तरी असतील. त्यातल्या एखाद्याला सात फेऱ्यांत कुणीच हाक मारली नाही, तर तो मावळला. मल्लिनाथ त्याच्या देवळाचा चौकोन काळ्या शाईनं भरून टाकायचा आणि काळ्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरात त्याचं नाव आणि पूजेची रीत चढवून ती एकदाच वाचून दाखवायचा. मावळलेला देव परत उगवत नसे.

खेळाची खरी गंमत मात्र त्यानंतर सुरू व्हायची. देव मावळला तरी देऊळ जागेवरच राहतं, आणि वाट तिथूनच जाते. काळ्या चौकोनावर जो वाटसरू येईल त्यानं सांगायचं, की या देवाची पूजा कशी होत होती. मल्लिनाथ रजिस्टर स्वतःपुरतं उघडून बघणार. उत्तर बरोबर असेल तर वाट मोकळी, चुकलं तर थेट वेशीपर्यंत माघारी. घुमाईच्या पूजेला भर दुपारी आडात वाकून आपलं नाव सांगायचं आणि आवाज परत यायच्या आत निघून जायचं. ओलप्पाच्या भिंतीला तळहात लावून तो कोरडा होईपर्यंत उभं राहायचं. तुटकोबाला फक्त एक गाठ वाहायची, दोन वाहिल्या तर त्याला राग. ज्याला कुणी मागणं मागत नाही, ज्याच्याकडून काही मिळायचं नाही, त्याची पूजा तेवढी ध्यानात ठेवायची. मी एकदा विचारलं, "मेलेल्या देवाचा उपयोग काय?" तर मल्लिनाथ हसला फक्त. त्याचं हसणंही मी टिपून ठेवलं.

माझ्या अम्मीला मी घरी हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "खेल है तो खेल बेटा, पर हात नक्को जोड़." मी हात जोडले नाहीत. आणि खरं म्हणजे ते देव कुणाचेच नव्हते. त्यांच्यासाठी ना कुणी भांडलं होतं, ना कुणी नवस बोललं होतं. मला तिथं कधी परकं वाटलं नाही. नंदा चहा करायची, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढं ठेवायची, आणि आपली सोंगटी हातात धरून फार वेळ विचार करत बसायची. जवळजवळ वर्षभर आमचे रविवार असे गेले.

पण नंदा हरत नव्हती. मी जन्मभर मालाच्या याद्या पाठ केलेला माणूस. मी चुकायचो, वेशीवर जायचो. नंदा काळ्या चौकोनावर आली की खिडकीबाहेर बघत बसायची, ओठ हलायचे, मग घाबरत काहीतरी सांगायची. मल्लिनाथ रजिस्टर तिरकं धरून पान उलटायचा, जरा जास्तच वेळ घ्यायचा, आणि म्हणायचा, "बरोबर." हा वेळ मला खुपायला लागला. मग मी नाक्यावरचंच केलं. एक छोटी वही खिशात ठेवली, आणि देव मावळला की त्याची पूजा जशी सांगितली तशी घरी येऊन तारीख घालून लिहू लागलो. तीन महिन्यांत माझ्या हाती अकरा फरक लागले. माझ्या वहीत कडेव्वाला बांधावर भाकरीचा पहिला तुकडा होता. नंदानं सांगितलं, शेवटचा. मल्लिनाथ म्हणाला, बरोबर.

आता वाटतं, त्याच दिवशी जिना उतरताना त्याला बाजूला घेऊन विचारलं असतं तर... पण मला माल रंगेहाथ पकडायचा होता. पुढच्या रविवारी नंदाचं उत्तर झालं, त्यानं "बरोबर" म्हटलं, आणि मी हात लांब करून रजिस्टर ओढून घेतलं. पान खिडकीच्या उजेडात धरलं. नक्षीवाले चुकलेली शाई ब्लेडनं खरवडून काढतात, तसं ते पान ठिकठिकाणी खरवडलेलं होतं. इतकं, की कागद पातळ होऊन पलीकडची गल्ली दिसत होती. खरवडलेल्या जागी ताज्या अक्षरात नंदानं दिलेली उत्तरं लिहिलेली. मी एकेक वाचून दाखवलं. माझ्या वहीतलं एक, त्याच्या रजिस्टरातलं एक. अकराच्या अकरा. मला तेव्हा काय वाटत होतं हे खोटं न लिहिता सांगायचं तर, मला आनंद होत होता. बहिणीला जिंकवण्यासाठी मित्राला फसवलंस, असंही मी म्हणालो. मल्लिनाथनं शाईच्या बाटलीचं झाकण लावलं. नंदा माझ्याकडं नव्हे, त्याच्याकडं बघत होती. मग ती उठली आणि तिनं कपबश्या उचलल्या.

तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. रागावला नव्हता, आणि त्याचाही मला संशय आला. कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "तुझं बरोबर हाय, रशीद. खोडलंय मी. पण तिच्यासमोर कशाला बोललास?" मग त्यानं सांगितलं. तापात नंदाची आठवण गेली होती. माणसं ओळखायची, पण सकाळचं दुपारी उरत नव्हतं. भाजीत दोनदा मीठ पडायचं, दिराचं नाव आठवायचं नाही. सासरा बोलला होता, दिवाळीनंतर येऊन बघतो, पोरगी ठिकाणावर असेल तर नेतो. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं थोडं आठवायला लावा. पाटीवर याद्या लिहून घेतल्या तर ती रडायची. म्हणून त्यानं हा मुलुख काढला. आठवलं तर उत्तमच. आणि चुकलं, तर रजिस्टर बदलायला किती वेळ लागतो? "चुकलीस म्हटलं की ती दोन दोन दिवस बोलत न्हाई," तो म्हणाला. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू मुद्दाम हरला असतास. तिला लगेच कळलं असतं."

दिवाळीनंतर सासरा आणि नवरा येऊन गेले. मी तिथं नव्हतो, मला हे गल्लीतून कळलं. त्यांनी तिला घरातल्या माणसांची नावं विचारली, गोठ्यात जनावरं किती ते विचारलं. ती फरशीकडं बघत बसली. एकाही प्रश्नाला तिनं तोंड उघडलं नाही. ते चहा घेऊन गेले, आणि पुढच्या वर्षी फारकत झाली. ज्याला दोन आणि दोन मिळवता येतात त्यानं काय समजायचं? मी तेच समजलो. तिला वर्षभरात जो धीर आला होता, तो मी एका दुपारी उजेडात धरून दाखवला होता.

त्यानंतर सात वर्षं मी तो जिना चढलो नाही. मल्लिनाथ रस्त्यात भेटायचा, अम्मीची विचारपूस करायचा. त्याच्या प्रत्येक शब्दात मी टोमणा शोधायचो. शेवटचा भेटला तो चादरीच्या एका दुकानाबाहेर. हातात कागदांची गुंडाळी, डोळे पिवळे झालेले. मी विचारलं तर म्हणाला, थोडी कावीळ हाय. मग म्हणाला, "ये की एकदा घरी." तोंडदेखलं बोलतोय असं मला वाटलं, आणि मी बघू म्हणालो... महिनाभरात तो गेला. चाळिशीसुद्धा गाठली नाही त्यानं.

भेटायला गेलो तेव्हा खोलीत नंदा एकटीच होती. उतरत्या टेबलाशी बसून चौकटीचा कागद भरत होती. अण्णाचं हातातलं काम अर्धवट राहिलं होतं, कारखान्याचा माणूस दोनदा येऊन गेला, मग तिनंच ते पुरं केलं, असं म्हणाली. पुढचं कामही तिच्याकडंच आलं आहे. समोर नमुना असला की चुकत नाही, आणि चुकलंच तर ब्लेड आहेच, असंही म्हणाली. मी रजिस्टरबद्दल विचारलं. ते अण्णानं फार मागंच बंबात घातलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं मला थांबवलं.

"मला ठाऊक होतं की, रशीदभाई," ती म्हणाली. "अण्णा खोडतोय, हे मला तुमच्या आधी ठाऊक होतं. कधी कधी मी मुद्दामच चुकीचं सांगायची. काय लिहितो बघू म्हणून. कडेव्वाचा शेवटचा तुकडा माझाच हाय. पहिला सगळेच देतात, त्यात काय?"

ती पुढं म्हणाली, "तुम्ही वाचून दाखवलंत, मग अण्णाला खरं तेवढंच लिहावं लागलं असतं. म्हणून खेळ मोडला." आणि सासरचे आले होते त्या दिवसाचं? मी विचारलं नव्हतं, पण तिनं कागदावरून नजर न उचलता सांगितलं, "जनावरं पाच होती. नावंबी येत होती. द्यायची न्हवती."

जिना उतरताना मला पहिला विचार आला तो हाच, की हे खरं कशावरून? माझ्या मनावरचं ओझं उतरवायला ती असं बोलली नसेल कशावरून? सात वर्षांत तिनं हे सगळं मागाहून जुळवलंही असेल, आणि आता तिला स्वतःलाही ते खरं वाटत असेल. ताडून बघायला रजिस्टर नाही, मल्लिनाथ नाही. माझी वही आहे, पण तिच्यात फक्त बरोबर उत्तरं आहेत.

गेले चार रविवार मी दुपारी तिकडं जातो. नंदा टेबलाशी असते, मी दाराजवळच्या पेटीवर बसतो. ती अण्णाच्या गोष्टी सांगते. त्यातल्या काही मला माहीत आहेत तशा असतात, काही अजिबात नसतात. परवा म्हणाली, अण्णा पाण्याला फार भ्यायचा, जन्मात कधी पोहायला शिकला नाही. शाळा चुकवून आम्ही दोघं मळ्यातल्या विहिरीवर जायचो, आणि मला पोहायला मल्लिनाथनंच शिकवलं, पाठीला भोपळा बांधून. शब्द अगदी जिभेवर आले होते. नंदा चौकोन भरायची थांबली होती आणि ब्रश हातात धरून माझ्याकडं बघत होती...

"व्हय," मी म्हणालो, "लई भ्यायचा."

ती परत कागदावर वाकली.