बाबांची अंगठी आणि माझी खोदाई

आमच्या घरी एक मेटल डिटेक्टर आहे आणि तो मी माझ्या खुशीनं, माझ्या साठवलेल्या पैशांतून घेतलेला आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तो कोपऱ्यात उभा बघतो आणि आमच्या कर्नलसाहेबांकडे आदरानं पाहू लागतो. काहीतरी लष्करी असणार, असं त्यांना वाटतं. लष्करी कुठलं डोंबलाचं! तो माझा छंद आहे.

त्याचं असं झालं, की मुलं शिकायला बाहेर गेली आणि नवरा चंडीमंदिर छावणीच्या ऑफिसात फायलींमध्ये गुडूप झाला. मग मी मोबाइलवर परदेशातल्या आजोबांचे व्हिडिओ बघायला लागले. हे आजोबा समुद्रकिनारी एक दांडा घेऊन फिरतात, दांड्याच्या टोकाची चकती टीं टीं वाजते, आजोबा उकरतात आणि सोन्याचं नाणं निघतं! मी म्हटलं, आजोबांना जमतं तर मला का नाही? (चंदीगडजवळ समुद्र नाही, हा विचार मशीन घरी आल्यावर सुचला.)

"हे बघ वैशाली," आमचे हे म्हणाले, "आपल्या कुंपणाच्या आत काय वाजवायचं ते वाजव. कुंपणाबाहेर कॅन्टोन्मेंटमध्ये हे घेऊन फिरलीस, तर उरलेली नोकरी मला खुलासे देण्यात काढावी लागेल."

तेव्हा माझा समुद्रकिनारा म्हणजे आमचं लॉन. आणि लॉन म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. सरकारी क्वार्टर, पण गवत असं राखलेलं की आपण चप्पल घालून गेलो तर हे आपल्याकडे न बघता आपल्या चपलेकडे बघतात. कडेकडेनं शोधत मी बाटल्यांची झाकणं, गंजके खिळे आणि कुठल्याशा मेसचा चमचा एवढा ऐवज जमवला होता. मग जानेवारीअखेर दांडा लांब करायचा खटका मी मोडला. दांडा आखूड तो आखूडच राहिला, पण मीही काही ताडमाड नाही, त्यामुळे चालून जाईल म्हटलं.

अशात फेब्रुवारीत मिरजेहून माझ्या सासूबाई आल्या. आईंना इथं अजिबात करमत नाही. बोलायला माणूस नाही, बोललं तर समोरचीला कळत नाही. आल्या दिवसापासून "माझं परतीचं तिकीट बघा गं" सुरू. त्यांचं एकच सुख, लॉनवरचं ऊन. प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, मांडीवर परात घ्यायची आणि मटार सोलायचे.

त्या दिवशी हे टूरवर पुण्याला गेलेले. दुपारी मी चहा घेऊन गेले तर आई डावा हात शालीत लपवून बसलेल्या. चहाही एका हातानं घेतला. संध्याकाळी तोच प्रकार. रात्री पोळीचा तुकडा एका हातानं मोडताना बघितलं. मला वाटलं, हात दुखतोय की काय!

"आई, हात दाखवा बघू."

"काही नाही झालंय हाताला."

"दाखवा ना!"

त्यांनी हात बाहेर काढला. हाताला खरंच काही झालं नव्हतं. बोटात बाबांची अंगठी तेवढी नव्हती.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्यांची अंगठी आईंच्या बोटात. बाबांचं बोट जाड, आईंचं काडी. ह्यांनी कितीदा म्हटलं, सोनाराकडून लहान करून आणू. पण आई ऐकतील तर शपथ! "त्यांच्या मापाची आहे ती, तशीच राहू दे," म्हणायच्या आणि घट्ट बसावी म्हणून अंगठीला लाल दोरा गुंडाळायच्या.

"मटार सोलताना घसरली असेल गं. परातीत नाही, सालांत नाही. सगळं बघितलं मी." आईंनी हात पुन्हा शालीत ओढला. "श्रीकांतला सांगू नकोस हां. तो म्हणेल, मी सांगत होतो."

"अहो आई, काळजी कशाला करता?" मी छाती पुढे काढून म्हणाले. "आपल्या घरात मेटल डिटेक्टर आहे!"

(इतका आत्मविश्वास मला दहावीच्या गणिताच्या पेपरालाही होता. असो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी. मी स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे असा सरंजाम चढवून मैदानात उतरले. आईंच्या खुर्चीच्या जागी मशीन नेलं मात्र, टीं टीं टीं! मला नाचावंसं वाटलं. खुरपं घेतलं आणि उकरायला बसले. माती बाजूला टाकली, अजून उकरलं, अजून टाकली. काही नाही. जरा पुढे सरकले. टीं टीं! उकरलं. काही नाही. डावीकडे गेले. टीं टीं टीं! जाईन तिथं वाजत होतं! दुपारपर्यंत माझी खात्रीच पटली की आमच्या लॉनखाली कुण्या राजाची टांकसाळ गाडलेली आहे. आता अंगठी तर मिळेलच, वर पेपरात फोटोही येईल. मी खुरपं टाकलं आणि फावडं आणलं.

कुंपणापलीकडून शेजारच्या गिल मॅडम डोकावल्या.

"वैशाली जी, ट्यूबवेल लगवा रहे हो?"

"नहीं नहीं, अंगठी ढूँढ रहे हैं."

"इतनी नीचे चली गई?"

मी फावडं आणखी खोल रोवलं. नेमकी तेव्हाच फाटकाशी गाडी थांबली. हे संध्याकाळी यायचे ते दुपारीच हजर! लॉनकडे बघून ते बॅग हातात तशीच धरून उभे राहिले.

"शत्रू कुठल्या बाजूनं येणार आहे?" त्यांनी फार शांतपणे विचारलं. ह्यांचा आवाज जितका शांत, तितका धोका जास्त.

"गुलाब लावतेय," मी म्हणाले.

"लॉनच्या मधोमध? फावड्यानं?"

"मोठे गुलाब आहेत."

त्यांचा चेहरा ह्यापुढे लाल होणं शक्य नव्हतं. ते तोंड उघडणार, एवढ्यात आई खुर्चीतून उठल्या आणि रिकामा हात सरळ त्यांच्यापुढे धरला.

"तिला बोलू नकोस. माझ्यासाठी उकरलंय तिनं. अंगठी मी घालवली."

ह्यांनी त्या हाताकडे पाहिलं. आईंच्या बोटावर अंगठीच्या जागी फिकट पट्टा उमटलेला होता. "बाबांची?" एवढंच म्हणाले आणि चांगल्या पॅंटसकट माझ्या एका खड्ड्याच्या काठावर मटकन बसले. लॉनबद्दल एक अक्षर नाही. मला भडभडून आलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

जरा वेळानं ते उठले, बाह्या सरसावल्या. "चल, दाखव कुठं वाजतं ते."

मी मशीन फिरवलं. टीं टीं! ह्यांनी फावड्याचे घाव घातले. काही नाही. मी पुढे गेले. टीं टीं! पुन्हा घाव, पुन्हा काही नाही. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघेना! आई खुर्चीतून टक लावून बघत होत्या.

"वैशाली, जरा थांब. ते जमिनीत नाही गं वाजत."

"मग कुठं वाजतंय, आई?"

"तुझ्या पायाशी वाजतंय. उजवीकडे नेलंस की उजव्या, डावीकडे नेलंस की डाव्या. मोजे काढ बघू."

मी मोजे काढले. पायांच्या बोटांत माझी चांदीची जोडवी ऐटीत चमकत होती. लग्नात घातलेली. ती आपल्या पायात आहेत हेही मी कधीच विसरून गेले होते. चकती पायाजवळ नेली. टीं टीं टीं!

म्हणजे कालपरवापर्यंत हिरवंगार असलेलं लॉन मी स्वतःच्याच जोडव्यांच्या शोधात खणून काढलं होतं! "काखेत कळसा नि गावाला वळसा," आई पुटपुटल्या. कुंपणावर गिल मॅडम पोट धरून हसत होत्या. भाषा कळली नाही तरी पाय दिसले होते.

"एवढंच ना? काढते की जोडवी!" मी खाली वाकले.

"खबरदार!"

आईंचा तसा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

"काढायची नाहीत. माझी काढली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तू आपल्या हातानं काढू नकोस बाई. अंगठी मातीत राहिली तर राहू दे. माती काय परकी आहे?"

मी असलं काही मानत नाही. एरवी वाद घातला असता. पण त्या वेळी मी गुपचूप मोजे परत चढवले. (खरं सांगायचं तर ती जोडवी निघालीही नसती. माझ्याबरोबर माझ्या पायाची बोटंही सुखवस्तू झाली आहेत.)

मग ह्यांनी मशीन घेतलं. आखूड दांडा, उंच माणूस. बिचारे काटकोनात वाकले. टीं टीं टीं! आम्ही तिघांनीही एकदमच ह्यांच्या घोट्याकडे बघितलं. फुटबॉल खेळताना मोडलेल्या त्या घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवलेले आहेत!

"आता?" हे म्हणाले.

आईंनी हातातली लाकडी काठी खुर्चीला टेकवली. "आण इकडं. काठीच तर आहे."

आणि आमच्या आई, नऊवारी सावरत, पायात रबरी सपाता घालून, मेटल डिटेक्टर टेकत लॉनवर निघाल्या. उंची बरोबर. पायात जोडवी नाहीत. गुडघे मूळचेच. मशीन एकदम गप्प! ते इतकं गुणी होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. चालता चालता त्या पहिल्या खड्ड्याशेजारच्या मातीच्या ढिगाकडे वळल्या.

"आई, तिथं नको," मी घाईनं म्हणाले. "तो ढीग माझा आहे. तिथलं सगळं बघून झालंय."

टीं.

आईंनी चकती मागे नेली, पुन्हा पुढे आणली. टीं. हे गुडघ्यांवर बसले आणि हातानं ढेकळं फोडू लागले. एका ढेकळातून लाल दोऱ्याचं टोक बाहेर आलं.

म्हणजे अंगठी गवतातच पडली होती. खुर्चीखाली, वरच्यावर, जराशा वाकलेल्या माणसालाही दिसली असती अशी. मी शोध सुरू करताच पहिल्या खुरप्याबरोबर ती उचलून मातीत गाडून टाकली होती!

ह्यांनी अंगठी शर्टाला पुसली आणि आईंच्या बोटात घातली. सोनाराचं नाव काढलं नाही. आत गेले आणि नवा लाल दोरा शोधून आणला. स्वतःच्या हातानं तो अंगठीला गुंडाळून दिला. मी रडले. छान, नाक वाजवून रडले.

आता मे आलाय. आईंनी परतीच्या तिकिटाचं नावसुद्धा काढलेलं नाही, कारण त्यांना वेळच नाही! ती बातमी गिल मॅडमनी अशी पसरवली की कुणाची बाली हरवली, कुणाचं पैंजण हरवलं, की फाटकाशी हाक येते, "माताजी हैं?" हे रीतसर परवानगी काढतात, माताजी मशीन टेकत निघतात, आणि खुरपं घेऊन मागे मी. तेही अंतर राखून. जरा जवळ गेले की, "वैशाली, लांब हो गं, तुझ्यानं बिघडतं ते!"

परवा गिल मॅडमनी नव्यानं बदली होऊन आलेल्या शेजारणीशी आमची ओळख करून दिली. आईंच्या पाया पडून म्हणाल्या, "ये माताजी हैं, इनकी मशीन है, सोना ढूँढ देती हैं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खुरप्याकडे पाहिलं.

"और ये जी, इनके साथ खुदाई पे हैं."