इंदूच्या नावाची मूठ

पारनेरच्या कोरड्या माळावर बाबाजान नावाचे एक देवमाणूस राहत. स्वतःची शेती जेमतेम. पण सरकारी शेतकी मळ्यावर विरळ पेरणी शिकून आले आणि बेचाळीसच्या सालापासून पायी गावोगाव हिंडून लहान शेतकऱ्यांना तीच शिकवीत राहिले. ज्वारीचे बी कमी सोडा, ओळींत अंतर राखा. थोडक्या ओलीतही प्रत्येक ताटाच्या, ज्वारीच्या धाटाच्या, मुखी घोट पडेल. नामस्मरण करावे तशा निष्ठेने ते हेच सांगत. लोक हसत.

शेवटी सूर्यभान आपली एक पट्टी द्यायला तयार झाला.

"चाचा, येवढी इरळ पेरनी? ताटं येकमेकाला हाका मारतील की!"

"मारू दे हाका. येका घागरीवर भांडन्यापरीस बरं हाय."

गाव म्हणाले, ही पट्टी पिकली तर आम्हीही असेच पेरू.

सूर्यभानाने बैल धरले. पाभरीच्या चाड्यावर, बी सोडायच्या त्या लाकडी वाटीवर, त्याची बायको छबूबाई. मूठ किती आवळायची ते बाबाजानांनी तिला दाखवले आणि ते पुढच्या गावी गेले.

पण त्या घराची एक रीत होती. पेरताना आईने लेकराचे नाव घ्यायचे आणि नावागणिक मूठ सैल सोडायची. नाव राहिले तर लेकरू उपाशी राहते, अशी श्रद्धा. छबूबाईची एकुलती इंदू त्याच आषाढात तापाने गेली होती. ओळीमागून ओळ पडत गेली. माउलीच्या ओठी दुसरे नाव आले नाही.

पीक दाट उगवले. परतीचा पाऊस आला नाही. ओल आटली, कणसे भरण्याआधीच करपली. पौषात बाबाजान पट्टीत उतरले, ती दाटी पाहून थबकले.

"छबूताई, मूठ सुटली का गं?"

तिने पदर तोंडाशी धरला. "माज्या इंदूचा घास कसा आकडू, चाचा?"

बाबाजानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चावडीवर सूर्यभान सर्वांदेखत कडाडला, "बगा रं चाचाची इद्या! वैरनीलाबी महाग झालो."

"चूक माजी," बाबाजान म्हणाले. "मूठ मीच चुकीची शिकीवली."

घरी सारे ऐकून त्यांच्या बायकोने, मुबारकबीने विचारले, "खरं का न्हाई सांगितलं?"

"गेल्या लेकीचं नाव घेतलं म्हनून गावानं तिला बोल लावला असता. पेरनी काय, मी फिरून शिकवीन."

दयाघना, त्यांची ही एक आशा तेवढी खरी करायची होतीस! पुढच्या पेरणीला त्यांना कोणी शेतात बोलावले नाही. ते बांधावर उभे राहत, लोक रामराम घालत आणि जुन्याच दाट मुठीने पेरीत पुढे जात. त्यापुढच्या पेरणीपूर्वी बाबाजान गेले. कबरीवर माती पडल्यावर छबूबाईने हे सारे नवऱ्याला सांगितले. सूर्यभान पाभर घेऊन मुबारकबीच्या दारी गेला. म्हणाला, "भाभी, मूठ किती आवळायची?"

तिने आपली मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली. "ते मला न्हाई ठावं, भाऊ," ती म्हणाली. "आमच्या रानात चाड्यावर मूठ त्यांचीच असायची."