आमचे हे नक्की काय वाजवतात?

बिनगायकाच्या बँडमधल्या माणसाशी लग्न केलं की किस्से शोधावे लागत नाहीत. जळगावच्या बाजारात साधी मेथी घ्यायला जा, कुणीतरी एखादा हातात ठेवतंच!

*

लग्नानंतरचा पहिला कार्यक्रम. सॅक्सोफोन असा काही घुमला की मी शेजारच्या बाईंना ऐटीत म्हटलं, "हे आमचे!"

त्या दचकल्या. "अहो, सॅक्सोफोनवाले वसंतभाऊ माझे मिस्टर!"

आमचे हे मागे, ड्रमला चिकटून, बेस गिटार वाजवत होते. मी बी.ए. झालेली; पण त्या गदारोळात नवऱ्याचा आवाज कुठला, ते काही सांगता येईना.

*

ही गिटार मेहरूणच्या सुतारानं करून दिलेली. पिंपळनेरहून माझे सासरे, आबा आले. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. दुसऱ्या गिटारला सहा तारा, हिला चार!

"चारच तारा? सुतारनी फसाडं तुले!"

*

नशिराबादला गणपतीत कार्यक्रम. मंडळाचे नाना घाबरेघुबरे. "गायक कुठंय?"

"गायक नाही. नुसतं वाजवतो."

"लोक मला मारतील! तो आजारी आहे असं सांगतो."

सांगितलंही. दोन तास लोक बसल्या जागी डोलले, टाळ्यांनी मंडप दणाणला. शेवटी तीन अक्का आल्याचा काढा घेऊन स्टेजमागे हजर! "बिचाऱ्या गाणाऱ्याला द्या."

वसंतभाऊ निमूटपणे सगळा प्यायले.

*

मुलगी झाली आणि माझं डोकं फिरलं. तिला यांच्या तालमीला नेताना कानात कापूस, वर टोपडं. तरी धीर होईना, म्हणून तिच्या पोटावर हात ठेवून बसले. आणि हाताला काहीतरी लागलं. धुम्, धुम्‌धुम्. वर पाहिलं, तर यांचं बोट त्याच ठेक्यावर तारेवर पडत होतं!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. "डॉक्टर, बाळाच्या पोटात गिटार वाजते. चालेल ना?"

"सुरात आहे ना?" डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून मला दुसरं काही ऐकूच येत नाही. ड्रमवाले पाटील मास्तर आणि हे एकमेकांकडे बघून हसतात, ठेका घट्ट बसतो आणि अख्ख्या हॉलच्या माना एकदम हलायला लागतात. मला वाटतं, उठून सांगावं, हे सगळं आमचे हे करताहेत! पण मांडीवर मूल असतं, आणि मागे एकदा चुकीचा नवरा दाखवून झालेला असतो.

*

आबांनी मात्र निकाल दिला होता. लेकरू झालं, आता पुरे. धुळ्याचा कार्यक्रम शेवटचा. मग गिटार माळ्यावर.  हे आठवडाभर नीट जेवले नाहीत.

धुळ्याला आबा माझ्या शेजारी बसले. हाताची घडी, चेहरा पंचायतीला बसल्यासारखा. तिसऱ्या गाण्याला हॉल पेटला. खुर्च्या हलायला लागल्या, पाय आपटायला लागले. मी आबांकडे बघायचंच टाळलं.

तेवढ्यात यांच्या गिटारची वायर निसटली.

सॅक्सोफोन चालू, ड्रम चालू, ऑर्गन चालू. हे खाली वाकून वायर चाचपताहेत. लोकांचे पाय मात्र मंदावले. काय बिघडलं ते कुणाला कळेना. सगळे नुसते इकडेतिकडे बघायला लागले.

आबा ताडकन उभे राहिले आणि भर हॉलमध्ये ओरडले,

"बठ्ठं वाजी ऱ्हायनं, पण मन्हा पोऱ्या कोठे शे?"