जहाजाच्या तोंडावरची गॅलरी

आमचा पंप-पाईपवाल्यांचा कंपू कुठंही जमू द्या, लग्नात म्हणा की मयतीला, चहा यायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "शिवा, ते जहाजाचं काढ की!" दरवर्षी त्यात एखादा किस्सा वाढतोच. कुणी पदरचं घालत न्हाई हो, एकाचं ऐकून दुसऱ्याला आठवत जातं!

नव्वदीतली गोष्ट. बाजार नुकता खुला झालेला. नव्या नव्या पंप कंपन्या आलेल्या आणि डीलर लोकांना खूश करायची त्यांच्यात चढाओढ. आमच्या कंपनीनं चांगला धंदा करणाऱ्या डीलरांना बायकांसकट सिंगापूरला नेलं आणि तिथनं चक्क जहाजावर चढवलं! बीड जिल्ह्यातले आमी तिघं. दिंद्रुडचा मी, उमापूरचे अप्पा आणि आष्टीचे बाबूराव. अप्पा आमच्यातले वडीलधारे. धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. बाबूराव दुकानदार कमी, पुढारी जास्त.

बुकिंगच्या वेळी एजंटनं इचारलं, "गॅलरी बाजूची देऊ का पुढची? पुढं वारा फार लागतो."

बाबूराव खवळलेच. "पुढारी माणूस बाजूला बसतो व्हय? पुढचंच द्या! तिघांना बी!"

अशा आमच्या तीन खोल्या एकमेकींना लागून, जहाजाच्या ऐन तोंडावर!

*

जहाज बंदरात उभं होतं तवर गॅलरीत वाऱ्याचं नाव न्हाई. बाबूरावांनी एसटीत टाकतात तसा खुर्चीवर रुमाल टाकला. "आता कुणाची टाप हाय बसायची!" स्वतःच्याच गॅलरीत, बरं का! मग आमी चहाला गेलो.

चहा पिऊन येईतो जहाज समुद्रात. बाबूरावांनी गॅलरीचं दार खांद्यानं रेटून उघडलं, तर रुमाल न्हाई, खुर्ची उलटीपालटी, आणि समोरून वारा असा की गालफाडं हलायला लागली.

बाबूराव वळले आणि एवढंच म्हणाले, "शिवा, जागा गेली बे!"

*

त्या वाऱ्याचा एक नियम होता. खोलीचं दार आणि गॅलरीचं दार एकाच टायमाला उघडायचं न्हाई. तसा कागदच चिकटवला होता, पण इंग्रजीत. आमी कशाला वाचतोय!

सकाळी अप्पांची पूजा झाली. भस्माची डबी हातात घेऊन ते उगवतीला नमस्कार करायला म्हणून गॅलरीचं दार उघडायला गेले. नेमका त्याच वक्ताला पांढऱ्याशुभ्र कपड्यातला खोली आवरणारा माणूस टॉवेल घेऊन दुसऱ्या दारातनं आत आला.

भप्प!

डबी मोकळी. तो बिचारा डोक्यापासनं बुटापत्तर भस्मानं माखलेला, टॉवेल तसेच हातात. आवाज ऐकून आमी धावलो. काकूंनी, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी, त्याला नीट न्याहाळलं आणि दोन्ही हात जोडले.

"या महाराज. बसा."

*

धोतराचं तर इचारूच नका! अप्पांनी ते धुतलं आणि गॅलरीच्या कठड्याला एका टोकानं घट्ट बांधलं. आता आमच्या बरोब्बर डोक्यावर जहाज चालवायची खोली. वाऱ्यानं धोतर जे वर गेलं, ते थेट तिथल्या काचेवर!

दोन अधिकारी धावत आले. त्यातला एक रत्नागिरीकडचा निघाला. म्हणाला, "आजोबा, ते आधी काढा. कॅप्टनना समोरचं दिसत नाहीये!"

अप्पा शांतपणे म्हणाले, "त्यास्नी सांगा, वाळत आलंय. जरा दमानं चालवा."

त्यानंच जाताजाता बजावलं, की दिवस मावळला की या तिन्ही खोल्यांचे पडदे ओढायचे, उजेड बाहेर दिसता कामा नये, वरच्यांना पुढचं दिसत न्हाई. बाबूराव उसळले. "आष्टी सोडून एवढं लांब आलो, आन् हितं बी लोडशेडिंग?"

*

दुपारी वारा जरा पडला की आमी तिघं गॅलरीत उभे राहायचो. समोर नुसतं पाणी! मागं न्हाई, बाजूला न्हाई, ऐन तोंडापुढं पाणी, आणि आपण त्यात घुसत चाललोय. अंगावर काटा यायचा राव!

बाबूरावांनी कठड्यावरनं वाकून पाणी न्याहाळलं. मग म्हणाले, "शिवा, किती एचपीचा पंप बसवावा?"

"कावून ओ?"

"हे उपसून आष्टीला न्यायला."

अप्पा म्हणाले, "खारं हाय ते."

बाबूराव म्हणाले, "अप्पा, आमच्याकडं खारं बी न्हाई!"

*

शेवटच्या दिवशी वारा पिसाळला होता. जहाज डुलायला लागलेलं. अप्पा आंघोळीला गेलेले बघून काकू एकट्याच गॅलरीत गेल्या. मी आणि माझी बायको शेजारच्या गॅलरीच्या दारात उभे होतो. काकूंनी कठडा दोन्ही हातांनी धरलेला, पदर सुटून मागं फडफडतोय, अंबाडा मोकळा, आणि त्या हसत होत्या! एवढ्या वर्षांत काकूंचे दात मी पैल्यांदा बघितले.

गॅलरीत एक लांबलचक लाकडी आरामखुर्ची होती. ती बांधून ठेवायची राहिली होती. जहाज एका अंगाला कललं आणि ती खुर्ची सरसरत काकूंच्या अंगावर निघाली. काकूंचं ध्यान समोर.

अप्पा नेमके तेव्हाच दारात आले. आता अप्पा जुन्या वळणाचे. लग्न झाल्यापासनं बायकोला नावानं हाक म्हणून मारलेली न्हाई. काकूंचं नाव काय, ते आमाला सुद्धा ठाऊक नव्हतं.

"अगं!" अप्पा ओरडले. वाऱ्यात कुठलं ऐकू जातंय?

"अगं, ऐकलं का!"

खुर्ची दोन हातांवर आली.

"गिरजा!!"

बाबूराव तोंडात ब्रश धरून पलीकडच्या गॅलरीत पळत आले, एवढी मोठी हाक!

काकू झटकन बाजूला सरल्या. त्यांचे गुडघे होते तिथंच खुर्ची कठड्यावर आदळली आणि तिचा पाय मोडला.

अप्पा ओल्या अंगानं तसेच दारात उभे. काकूंनी तोंडावरचं खारं पाणी पुसलं, केस मागं सारले, आणि सावकाश अप्पांकडं वळल्या.

"काय म्हणलात? वाऱ्यानं ऐकू आलं न्हाई."