पऱ्हाटीतली भेंडी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत आर्णीजवळच्या आमच्या गावी आलेली. एका सकाळी बाबांबरोबर कपाशीच्या वावरात गेले, तर धुऱ्याच्या बांधालगतच्या सहा तासांमधली, सहा ओळींमधली, पऱ्हाटीची पानं अरुंद, बोटांसारखी चिरलेली. शेजारचे काका धुऱ्यावरून म्हणाले, "काहून गा, यंदा भेंडी पेरली काय?"

बाबा हसले नाहीत. "रोग आला. हे सहा तास मोडतो उद्या."

तो रोग नव्हता. दहा दिवसांपूर्वी बाबांनी धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं. फवारणीचा पंप मीच धुतला. नुसत्या पाण्यानं, एकदाच. मग त्याच पंपानं पऱ्हाटीवर किडीचं औषध मारलं गेलं. वर्गात वाचलेलं सगळं आठवत होतं.

"बाबा, पंप मी बराबर नाही धुतला."

मग मी धीर करून सांगितलं. झाड स्वतः ऑक्झिन नावाचं संप्रेरक बनवतं. पेशीतलं ग्राहक नावाचं प्रथिन ते धरतं, की वाढीवरचा ब्रेक सुटतो. काम झालं की झाड ते संपवून टाकतं. तणनाशक त्याच जागी बसतं, पण झाडाला ते लवकर संपवता येत नाही. वाढ वेडीवाकडी होते.

"ग्राहक म्हंजे गिऱ्हाईक?"

"तसंच… समजा."

"म्हंजे गिऱ्हाइकाले नकली माल भेटला."

"हो. पण माल फार झाला, की पेशी गिऱ्हाइकंच कमी करते."

"मंग तुह्यापेक्षा पऱ्हाटी शहाणी हाय."

"शेंडे हिरवे आहेत, बाबा. पंधरा दिवस थांबा. मोडू नका."

हे मी इतक्या ठामपणे म्हटलं, की माझं मलाच नवल वाटलं. बाबांनी विळा कमरेला खोचला आणि घराकडे निघाले.

रोज सकाळी मी शेंडे बघायचे. बाराव्या दिवशी पाच तासांना रुंद, नेहमीचं पान आलं. धुऱ्याला अगदी चिकटलेला तास मात्र तसाच राहिला. पंपातलं पहिलं पाणी त्याच्यावरच पडलं होतं. तेवढा बाबांनी मोडला.

नंतर एकदा काका पंप मागायला आले. बाबांनी आधी विचारलं, "कोणत्या गिऱ्हाइकासाठी? तणाच्या का पऱ्हाटीच्या?"